राखणीचं कातडं

ही इकडूनतिकडून ऐकलेली गोष्ट नाही.

माझी मावसबहीण क्षिप्रा, तिच्या घरात हे घडलं आणि तिने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं. ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल पुढे सरकावं. मी शपथा घेत बसणार नाही.

बिल्डिंगचं नाव मात्र विचारू नका. तिथे अजून माणसं राहतात, उगाच कुणाच्या घराला बट्टा नको.

जागा उलवे. आणि वेळ...

रात्रीची नाही. भर दुपारची.

भुतं अंधारातच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी होळीच्या आसपास उलव्यात एकदा दुपारी घरी एकटं बसून पाहावं. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अर्ध्या बिल्डिंगा रिकाम्या. लिफ्ट थांबल्याचा आवाजसुद्धा चार मजले ऐकू येतो.

क्षिप्राचा नवरा विश्वजित कराडचा. नोकरी कॉम्प्युटरची, पण हात सारखे शिवशिवणारे. आधी घरात पाव भाजून झाले, मग साबण करून झाले. एक ना धड भाराभर चिंध्या. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात कातडं शिरलं. घरच्या घरी कातडं कमावायचं आणि त्याची लॅपटॉपची बॅग स्वतः शिवायची. दुकानात बॅगा मिळतात, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता.

होळीच्या आधीच्या रविवारी त्यांना राखणीच्या जेवणाचं बोलावणं आलं.

त्यांची बिल्डिंग उभी आहे ती जमीन मूळची घरतांची. निशांत घरत विश्वजितच्या ओळखीचा, त्यानेच बोलावलं. जमीन गेली, शेतं गेली, तरी वेशीवरचा राखणदार तिथेच आहे. दोन टॉवरच्या भिंतींमध्ये अडकलेला, शेंदूर फासलेला एक दगड. वर्षातून एकदा त्याला बोकडाचा मान द्यायचा. बोकड तिथेच कापायचा, तिथेच शिजवायचा, तिथेच खायचा. उरलंसुरलं तिथेच खड्ड्यात पुरायचं.

निशांतची आई रखमाकाकू अंगभर सोनं घालून पंगतीत फिरत होत्या आणि सगळ्यांना दटावत होत्या.

"इथला इथंच हां! घरी काय न्यायचा नाय. चघललेला हारूकपन नाय!"

जेवण झालं. एक माणूस खड्डा बुजवायच्या तयारीत होता. काठावर बोकडाचं कातडं पडलं होतं. ताजं, काळंभोर, कुठे एक चीर नाही.

विश्वजितचे डोळे चमकले.

"दादा, हे मी घेऊ?"

तो माणूस घामाने निथळत होता. त्याला वाटलं, पाहुणा मदतीला आलाय. खड्ड्यात टाकायला मागतोय.

"घ्या ना," तो म्हणाला आणि फावडं आणायला वळला.

कातडं पिशवीत गेलं, पिशवी डिकीत.

गाडीत क्षिप्राला कळलं तेव्हा ती हादरलीच. "अरे, काकू काय ओरडत होत्या? घरी न्यायचं नाही म्हणाल्या ना?"

"अगं, त्या खाण्याचं बोलत होत्या," विश्वजित हसला. "कातडं कोण खातंय?"

ती गप्प बसली. तेव्हा गप्प बसले नसते तर, असं ती अजूनही म्हणते.

विश्वजितने बाथरूमचा कारखाना केला. कातड्याला मीठ चोळलं. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढले. मग ते पाइपवर टाकून बोथट सुरीने आतली चरबी खरवडली. खर्र... खर्र... खर्र. तुरटी लावली, हिरड्याच्या काढ्यात मुरवलं. क्षिप्रा शेजारच्यांकडे अंघोळीला जायची आणि गीझर बिघडलाय म्हणून सांगायची.

खरवडताना एकदा सुरी सटकली. उजव्या तळव्याला जेमतेम ओरखडा. त्याने हळद दाबली आणि पुन्हा कामाला लागला.

मग त्याने कातडं चौकटीला ताणून बाल्कनीत वाळत ठेवलं. तिथे क्षिप्राला पहिली गोष्ट जाणवली.

माशा नव्हत्या.

उलव्यात, उघड्यावर, ओल्या कातड्यावर... एक माशी नाही. रोज कठड्यावर बसून कोकलणारा कावळा समोरच्या बिल्डिंगवर बसायचा. तिथूनच बघायचा. इकडे यायचा नाही.

"बघ, हिरड्याची कमाल!" विश्वजित खुशीत होता.

मग कामवाल्या गोजराबाई यायच्या बंद झाल्या. क्षिप्राने वैतागून फोन केला.

"अवो ताई, रोज येतेय की मी! पन तुमच्या दारात म्हातारं बसतंय ना."

"कोण म्हातारं?"

"तुमचे सासरे न्हाईत का? दारात बसत्यात, काठी आडवी धरत्यात. आत सोडंचनात. काय बोलत बी न्हाईत, नुस्तं बघत्यात."

क्षिप्राचे सासरे कराडला असतात. ते काठी वापरत नाहीत.

दूधवाला खालीच पिशवी टेकवून जायला लागला. कुरियरवाला फोनवर चिडला. "मॅडम, पहले अपने दादाजी को समझाओ."

सोसायटीच्या कॅमेऱ्यात तिने ते पाहिलं. पॅसेज रिकामा. कुरियरवाला येतो. खाली बघून काहीतरी बोलतो. हसतो. मग त्याचं हसू जातं आणि तो पाठ न वळवता... एकेक पाऊल मागे सरकतो.

समोर कुणीच नाही.

त्या दिवसापासून तिला आवाज यायला लागला. काठी टेकवल्याचा.

ठक्.

आधी दाराबाहेर. मग हॉलमध्ये. दर दुपारी, जेवणं झाली की. बाल्कनीपर्यंत जायचा, तिथे थांबायचा, आणि परत दाराकडे यायचा. कुणी राखणीला फिरावं तसा.

तिने विश्वजितला सांगितलं. त्याचं लक्षच नव्हतं. तो कातड्याला तेल चोळत बसला होता, डाव्या हाताने. उजवा हात सुजून टम्म झाला होता.

"विश्वजित, डॉक्टरकडे चल!"

"टेन्शन नको घेऊस. एवढं झालं की जाऊ."

तळव्याची कातडी काळी पडत होती. क्षिप्राला आता हाताची भीती वाटत होती, आणि कातड्याचा राग येत होता. दुसऱ्या दुपारी तो झोपलेला असताना तिने सरळ चौकटीवरून कातडं कापून काढलं, गुंडाळी केली आणि दाराकडे गेली. जिथलं तिथे नेऊन टाकायचं, बस्स.

कडी निघाली. लॅच फिरलं.

दार उघडेना.

अडकलं नव्हतं. बाहेरून कुणीतरी पाठ टेकून बसावं, तसं ते दबलेलं होतं. तिने खांदा लावला, लाथ मारली. शेवटी दमून गुंडाळी जमिनीवर ठेवली...

आणि दार आपोआप उघडलं.

पॅसेज रिकामा.

तिने तिथेच उभं राहून निशांतला फोन लावला. फोन रखमाकाकूंनी उचलला. क्षिप्राने रडत रडत सगळं सांगितलं.

"तुमी नेलात?" काकूंचा आवाज चढला. "आमी खड्ड्यात सोधला! जनावरानी नेला बोललो आमी, आनि तुमी शिकल्यासवरल्या मानसांनी चोरलात?"

"काकू, चुकलं. तुम्ही कुणाला तरी पाठवा, घेऊन जाऊ दे. पुरून टाकू."

"कच्चा हाय ना?"

"नाही... कमावलंय."

"म्हंजे आता कुजनार नाय."

"नाही."

"अगो, मग मातीला काय देशील? कुजंल ते मातीचा. कुजत नाय ते घेऊन ती काय करंल?" काकू आता ओरडत नव्हत्या. "त्याचे वाट्याचा तुमी मारलात. आता तो त्याचा तो घेल. आनि आमचे दारात येव नको, सांगून ठेवते."

फोन कट झाला.

त्याच दुपारी विश्वजितला ताप चढला. तो बरळायला लागला. हाताला वास येत होता, त्या खड्ड्याच्या काठावर होता तसा. क्षिप्राने अँब्युलन्स बोलावली. लिफ्ट वर आल्याचा आवाज तिने ऐकला. स्ट्रेचरची चाकं ऐकली.

मग ती चाकं थांबली.

"ओ आजोबा, सरका ना! पेशंट आहे आत!"

आणि मग, हळू आवाजात, "चल रे... चल खाली. बघ त्याच्याकडे... चल."

क्षिप्रा किंचाळत दाराशी धावली. दोघं जिन्याने पळत होते. स्ट्रेचर लिफ्टच्या दारात तसंच सोडलेलं.

मग मात्र ती घाबरायची थांबली. माझी बहीण रडकी आहे, पण वेळ आली की घोरपडीसारखी चिकट. तिने विश्वजितला चादरीवर घेतलं आणि बखोटीला धरून, पाठमोरी, ओढत दाराकडे निघाली.

ठक्.

बेडरूममधून.

ठक्. ठक्.

हॉलमध्ये. तिच्या तोंडासमोर, विश्वजितच्या पायांशी. तिथे काहीच दिसत नव्हतं.

तिने उंबरा ओलांडला. त्याचं डोकं बाहेर आलं, छाती आली, कंबर आली.

उजवा हात आला नाही.

हात आत ताणलेला होता. सरळ. मनगट उंबऱ्यावर, पंजा घरात, बोटं पसरलेली. कुणीतरी तो हात हातात घेतला होता.

"सोड त्याला! मेल्या, सोड!"

तिने देवाचं नाव घेतलं नाही. शिव्या दिल्या, तोंडाला येतील त्या. आणि दोन्ही पाय चौकटीला रोवून सगळा जीव लावून ओढलं.

आवाज आला. ओलं काहीतरी सोलून निघाल्याचा.

विश्वजित बाहेर आला.

दोघंही पॅसेजमध्ये आडवे पडले. तिने हाताकडे एकदाच पाहिलं. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत कातडी नव्हती. हातमोजा काढावा तशी निघून गेली होती.

शेजारच्यांनी त्याला गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन खूप पसरलं होतं, मेलेली कातडी अशी घसरून निघते. चांगला माणूस, समजावून सांगत होता. पंजा कापावा लागला. विश्वजित वाचला.

क्षिप्रा कपडे आणायला घरी गेली तेव्हा गोजराबाई दारातच भेटल्या. "गेलं वाटतं म्हातारं," त्या म्हणाल्या आणि झाडू घेऊन आत शिरल्या. पॅसेजमधल्या लाद्यांवर वाळलेल्या रक्ताचा पट्टा होता, उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याच्या आत एक थेंब नाही. हातावरून निघालेली कातडी कुठेच नाही. विश्वजितने कमावलेलं कातडं मात्र दाराशी होतं तिथेच. त्याच्यावर माशा घोंघावत होत्या.

तिला हायसं वाटलं. खरंच वाटलं, ती मला म्हणाली. संपलं एकदाचं.

त्या संध्याकाळी रखमाकाकूंचा फोन आला. बिल्डिंगमध्ये बोंब झाली होती, ती त्यांच्या कानावर गेली होती.

"घेतला त्यानं?"

"हो काकू. घेतला त्याचा वाटा. आता तरी झालं ना?"

"कवढा घेतला?"

"हाताचं... मनगटापर्यंत."

काकूंनी विचारलं, आणि आवाजात या वेळी राग नव्हता.

"आनि बोकर कवढा होता, पोरी?"

काकूंनी फोन ठेवला.

ते दोघं आता नेरुळला मावशीकडे राहतात. परवा मी भेटायला गेलो. मे महिना, घामाच्या धारा लागलेल्या. विश्वजित खुर्चीत ताठ बसला होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"अरे, किती उकडतंय," मी म्हटलं. "वरचं बटण तरी काढ."

त्याने डाव्या हाताने कॉलर आणखी वर ओढली. काठाशी गळ्याची कातडी काळी पडलेली दिसली. क्षिप्राने त्याच्या मागून माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली.

हातातलं पाणी अर्धं तसंच ठेवून मी निघालो.