रिकाम्या ट्रेलरचं वजन

युमा शहराच्या पूर्वेला, हायवेला लागूनच डेलमारचं ट्रेलर विकायचं आवार होतं. ऑक्टोबर अर्धा सरला तरी ऊन हटायचं नाव घेत नव्हतं. पांढऱ्या ट्रेलरांच्या रांगांकडे बघितलं की डोळे दिपायचे, आणि पलीकडच्या लेट्यूसच्या शेतांतून ओल्या मातीचा वास यायचा. वेंडेलने आपला जुना पिकअप पत्र्याच्या सावलीत लावला आणि तो काखेत वजनकाटा घेऊन उतरला.

"आलास तराजू घेऊन! भाजी घ्यायला आलायस का रे?" डेलमार ओरडला.

"तुझ्या जिभेवर भरवसा ठेवला तर बायकोला घेऊन भर रस्त्यात बसायची पाळी येईल," वेंडेल म्हणाला.

वेंडेल कालव्यावरचा पाटकरी. पाण्याच्या दारांवरची पट्टी वाचायची आणि शेतकऱ्यांना पाणी सोडायचं, यात त्याचा जन्म गेला होता. पट्टी सांगेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा त्याचा खाक्या. ट्रेलर घेतानाही त्याने तोच धरला होता. ट्रेलरचं नाक पिकअपच्या मागे टेकतं. ते किती भार टाकतं ते आधी काट्यावर बघायचं, मगच भावाचं बोलायचं.

त्याला टॉय हॉलर हवा होता. पुढे घर, मागे बाईक ठेवायची खोली. मागची भिंत खाली सोडली की तोच चढ-उताराचा फळा होतो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला अर्धं युमा असले ट्रेलर ओढत नदीपलीकडच्या वाळूच्या टेकड्यांवर जातं. सणाची टर्कीसुद्धा तिथेच तळतात. मागच्या वर्षी वेंडेलची मुलगी शेल्बी तिथल्याच एका टेकडीच्या माथ्यावरून पलीकडे उतरली, ती परत वर आलीच नाही. बाईकला ओरखडाही नव्हता.

तेव्हापासून नोरीन, त्याची बायको, घराबाहेर पडलेली नव्हती. ती जेवायची, कारण तो समोर बसून राहायचा. झोपेच्या गोळ्या तो कुलपात ठेवायचा आणि किल्ली अंघोळीला जातानाही सोबत न्यायचा. मुलगी गेली, आता ही जाईल, ही एकच धास्ती त्याला लागून राहिली होती. आणि मग एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "यंदा जाऊ या टेकड्यांवर. शेल्बीची बाईक घेऊन. मला तिच्या बाईकजवळ झोपायचंय." वर्षभरात तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. तिने घर विकायला सांगितलं असतं तरी त्याने विकलं असतं.

अडचण पिकअपची होती. हलक्या जातीची गाडी, भारी नाक तिला झेपायचं नाही. नवी घे, असं सगळ्यांनी सांगून झालं. पण शेल्बी याच गाडीवर शिकली होती. उजव्या बाजूची स्प्रिंग थकलेली, नोरीन शेजारी बसली की गाडी कुरकुरत तिकडे झुकायची, आणि मागून शेल्बी हसायची, "मॉम, गाडीसुद्धा तुझ्यापुढे वाकते गं!" ही गाडी विकायची तर मग राहिलं काय?

डेलमारने ट्रेलरमागून ट्रेलर दाखवले. प्रत्येकाचं नाक काट्यावर दणकन बसत होतं.

"रिकामा टॉय हॉलर नाकावरच बसतो, राजा," डेलमार म्हणाला. "मागे बाईक चढली की नाक उचलतं. बनवतातच तसा."

रांगेच्या टोकाला एक वापरलेला ट्रेलर होता. तांबूस पट्ट्यांचा, उन्हाने विटलेला. वेंडेलने त्याचं नाक काट्यावर टेकवलं. काटा जेमतेम हलला. त्याने पुन्हा टेकवलं. तेवढंच.

मागची खोली उघडली तर आत काही नव्हतं. रबरी फरशी, बाईक बांधायच्या कड्या, भिंतीला दुमडलेला पलंग. बाहेर पाठ भाजत होती, आत मात्र ओल्या वाळूसारखा गारवा होता. वेंडेल पाठीवर झोपून ट्रेलरखाली सरकला. चाकं जागेवर होती, आस जागेवर होता, मागे कुणी काही जड जोडलेलं नव्हतं.

"आधीच्या मालकालाही फार आवडायचा," डेलमार म्हणाला. "म्हणायचा, काहीही भरा, नाक जागचं हलत नाही."

"मग विकला का?"

"त्याने नाही विकला. त्याच्या बायकोने विकला. तो गेल्यावर."

वेंडेलने ऐकलं, पण माणसाला हवं तेच कानात शिरतं. आपल्या पिकअपला झेपणारा ट्रेलर सापडला, एवढंच त्याच्या मनात होतं. पट्टीवर जन्म काढलेल्या माणसाने, रिकामा ट्रेलर मागे भरल्यासारखा का बोलतो, हे विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही.

ट्रेलर घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने शेल्बीची बाईक फळ्यावरून आत चढवली, पट्ट्यांनी घट्ट बांधली आणि नाकाखाली काटा ठेवला. नाक आणखी हलकं व्हायला हवं होतं.

काट्याने आवारातलाच आकडा दाखवला.

जणू बाईकचं वजन आधीपासूनच आत धरलेलं होतं. काटाच बिघडला असावा म्हणून त्याने त्यावर सिमेंटचं पोतं ठेवलं. वजन बरोबर आलं.

नोरीन आता रोज दुपारी ट्रेलरमध्ये जाऊन बसायची. पलंगावर चादर घालायची, बाईकचं सीट पुसायची. "आत बरं वाटतं मला," ती म्हणायची. तिचा आवाज जरा सुधारला होता, म्हणून वेंडेल गप्प राहायचा.

मग एका संध्याकाळी त्याने सहज काटा लावला. नाक पहिल्यापेक्षा हलकं झालं होतं. फार नाही. त्याने मनात हिशेब केला. मागच्या पलंगावर बारीक अंगाची एक बाई आडवी झाली, तर नाक एवढंच उचललं जाईल.

"नोरीन!"

"काय रे?" आवाज स्वयंपाकघरातून आला. "बटाटे सोलतेय."

त्याने पळत जाऊन मागचा फळा उघडला. पलंगावरची चादर नीट, सुरकुतीही नसलेली.

सकाळी त्याने बाईक उतरवली. "ट्रेलरमध्ये खोट आहे, परत देतो," असं सांगितलं. नोरीन खिडकीत उभी राहून बघत राहिली.

"खोट? कुठाय?" आवारात डेलमारने आपला काटा लावला. नाक दणकन बसलं. "हे बघ. रिकामा टॉय हॉलर असावा तसा. तुझंच नाक तपासून घे आता."

वेंडेलने स्वतःचाही काटा लावून पाहिला. तेच. जे काही होतं ते ट्रेलरमधून गेलं होतं. त्याला इतकं हलकं वाटलं की तो डेलमारच्या खांद्यावर हात मारून हसला.

वाटेत त्याने नोरीनसाठी खजुराचा शेक घेतला. तिला पूर्वी आवडायचा. हायवेला लागला तशी गाडी टिंग टिंग वाजू लागली. म्हणजे शेजारच्या सीटवर माणूस आहे, पट्टा लावलेला नाही.

सीटवर काटा होता. त्याने तो खाली ठेवला.

टिंग टिंग चालूच.

त्याने सीटवर हात फिरवला. रिकामी होती. उन्हात असूनही गार होती.

त्याने गाडी पिटाळली.

नोरीन फाटकाबाहेर उभी होती. वर्षभरात पहिल्यांदा तिने केस विंचरून बांधले होते. अंगात शेल्बीचं जाकीट होतं, आणि ती हसत होती.

"ट्रेलर नाही तर नाही," ती म्हणाली. "असंच जाऊ. आत्ता. टेकडीवरून सूर्य मावळताना बघू."

"नोरीन, थांब. बसू नकोस."

"वर्षभर बाहेर चल, बाहेर चल म्हणून डोकं खाल्लंस, आणि आता बसू नकोस?"

तिने दार उघडलं, नेहमीसारखी धपकन बसली आणि पट्टा लावला. टिंग टिंग थांबली.

गाडी कुरकुरली नाही. झुकलीही नाही. नोरीन बसायच्या आधीपासूनच ती उजवीकडे झुकलेली होती.