एक्केचाळीसाव्या पानावरची खूण

ही गेली त्या दुपारी मी माझ्या कारखान्यात एका दाराच्या फळीला रंधा मारत होतो. वाचनालयाचा शिपाई घाईघाईने आत आला. बाहेर त्याची सायकल आडवी पडल्याचा आवाज झाला.

"मिस्त्री, चला. बाई काउंटरपाशी पडल्या."

"पाय घसरला का?"

त्याने माझ्या हातातला रंधा काढून घेतला, तेव्हा मला कळलं.

तासाभरापूर्वी ती माझ्यासमोर बाकड्यावर बसून गोष्ट सांगत होती. लग्न झाल्यापासून बत्तीस वर्षं हे असंच चाललं होतं. ती वाचनालयातून पुस्तक आणायची, वाचायची आणि दुपारी मी काम करत असताना मला सांगायची. मी सातवीपर्यंत शिकलेला. वाचता येतं, पण पुस्तक घेऊन बसणं कधी जमलं नाही. गरजही पडली नाही.

त्या दिवशीची गोष्ट एका पोस्टमनची होती. निवृत्तीच्या दिवशी त्याला थैलीच्या तळाशी एक जुनं पत्र सापडतं. पत्ता आहे, पण घर मिळत नाही. ज्याला विचारावं तो पुढच्या गल्लीत पाठवतो. शेवटी दार सापडतं. तो कडी वाजवतो. आतून एका बाईचा आवाज येतो, "थांबा, आले."

इथे हिने घड्याळ पाहिलं आणि उठली.

"मग? दार उघडतं का कोणी?"

"आल्यावर सांगते. पुस्तक आज परत करायचंय, उद्या वाचनालय बंद असतं."

तिची पिशवी मला परत मिळाली ती रिकामी.

पंधरा दिवसांनी मी वाचनालयात गेलो. मला दुसरं काही नको होतं. त्या गोष्टीचा शेवट हवा होता.

आमचं वाचनालय ऐंशी वर्षांचं. एका डॉक्टरने दवाखान्याच्या मागच्या खोलीत दोन ट्रंका पुस्तकांवर ते सुरू केलं. मग ते धान्याच्या गोदामावर गेलं, मग शाळेच्या व्हरांड्यात, आणि शेवटी पाण्याच्या टाकीखालच्या या दोन खोल्यांत. त्यामुळे आत कायम ओलसर वास, आणि टाकी भरत असली की डोक्यावर घुमणारा आवाज. हा सगळा इतिहास मला हिच्याकडून कळलेला. कपाटं मात्र माझ्या हातची. प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला माझी खूण आहे: एक आकडी आणि तिला टेकलेली तिरपी रेघ. रंधा मारून बाजू साफ झाली की सुतार अशी खूण करतो. खूण झाली म्हणजे त्या बाजूचं काम संपलं.

ग्रंथपाल बाईंनी रजिस्टर उघडलं.

"त्यांच्या नावावर काही नाही. शेवटचं पुस्तक जमा आहे."

"तेच हवंय."

"नाव?"

"नाव माहीत नाही. पोस्टमनची गोष्ट आहे."

"मिस्त्री, असं कसं शोधणार? नाव नाही, लेखक नाही." मग त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "नंबर आहे. चार हजार एकशे सत्तावीस."

त्यांनी दाखल पुस्तकांची जाड वही काढली. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक तिच्यात क्रमाने लिहिलेलं असतं. शेवटचा आकडा होता चार हजार एकशे सव्वीस.

"चुकून लिहिला असेल," मी म्हणालो.

"मी पुस्तकावरचं लेबल बघूनच लिहिते." त्यांनी वही मिटली. "पण हो, चुकलाच असेल."

पुस्तक घरी न्यायचं तर सभासद व्हा, म्हणाल्या. हिचं सभासदत्व चालत नाही. अर्ज करा, दोन जुन्या सभासदांच्या सह्या आणा, समितीची बैठक होऊ द्या. बैठक महिन्याने झाली, आणि माझ्या अर्जावर फोटो नव्हता म्हणून तो पुढच्या बैठकीला गेला. तोवर तिथेच बसून वाचा, म्हणाल्या. मी काम सोडून दुपारभर बसू लागलो.

रोज पेपर वाचायला येणाऱ्या निवृत्त मास्तरांना माझी दया आली असावी.

"मिस्त्री, सगळी पुस्तकं कशाला उपसतोस? तुझ्या बायकोने वाचलेलीच बघ की."

"ती कशी ओळखू?"

मास्तरांनी मला ते शिकवलं. म्हाताऱ्या वाचकांना आपण काय वाचलं ते आठवत नाही, म्हणून प्रत्येकाने एक पान ठरवलेलं असतं. वाचून झालं की त्या पानावर पेन्सिलीने आपली खूण करायची. मास्तरांचा सतराव्या पानावर छोटा गोल. एका शिंप्याची तिसाव्यावर फुली.

"आणि हिची?"

"एक्केचाळीसावं पान, खालचा कोपरा, दोन ठिपके. कधीतरी सांगितलं नाही तुला?"

सांगितलं नव्हतं. बत्तीस वर्षांत नाही.

"तू पण एक पान ठरव," मास्तर म्हणाले. "आता वाचायला लागलायस तर."

"मला या वयात काही ठरवायचं नाही. एक शेवट हवाय."

मी कपाटाकडून कपाटाकडे गेलो. एक्केचाळीसावं पान उघडायचं, ठिपके दिसले तर पुस्तक चाळायचं. हजारांवर पुस्तकांत ते ठिपके निघाले. पोस्टमन कुठेच नव्हता. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हीच लावा ना काहीतरी शेवट." मी फोन ठेवून दिला. मला लावलेला शेवट नको होता. जो तिला माहीत होता तोच हवा होता.

सात महिन्यांनी मी शेवटच्या कपाटाची शेवटची फळी संपवली. रागाने पुस्तक आपटलं. मास्तरांनी पेपर खाली घेतला नाही.

त्याच आठवड्यात नवीन पुस्तकांचं खोकं आलं. पट्ट्या ठोकलेल्या होत्या, म्हणून बाईंनी मला बोलावलं. मी खिळे काढले. त्यांनी सगळ्यात वरचं पुस्तक उचललं, लेबल चिकटवलं, वहीत लिहू लागल्या आणि थांबल्या.

"काय झालं?"

"काही नाही. याचा नंबर येतोय." त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

चार हजार एकशे सत्तावीस.

आतल्या पानावर छपाईचा महिना होता. गेलाच महिना. पानांना अजून शाईचा वास होता, दोन पानं कडेला चिकटलेली होती. मी ती नखाने सोडवली. पहिल्याच ओळीत पोस्टमन थैली झटकत होता.

मग एक्केचाळीसावं पान. खालच्या कोपऱ्यात दोन ठिपके.

"छापखान्यातला डाग असेल," बाई म्हणाल्या.

मी एका ठिपक्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला शिसं लागलं.

टाकी भरत होती. मग बाईंनी जुनं रजिस्टर काढून हिच्या नावापुढची ती ओळ शोधली.

"ही खोडून टाकू का?"

"राहू दे."

तोवर माझा अर्ज मंजूर झाला होता. पुस्तक माझ्या नावावर लिहिलं गेलं. मी ते कारखान्यात आणलं आणि रोज दुपारी, ती बसायची त्या बाकड्यावर बसून वाचू लागलो. शब्दन् शब्द तिने सांगितला होता तसा. गल्ल्या त्याच. रस्ता सांगणारी माणसं तीच. पाचव्या दिवशी मी एकशे एकोणिसाव्या पानावर पोचलो. पान उजव्या हाताचं. शेवटची ओळ अशी:

"थांबा, आले."

मी पान धरलं. उलटलं नाही.

सात महिने मी ज्याच्यामागे लागलो होतो ते बोटाखाली होतं, आणि बोट हलेना. हे उलटलं की तिच्याकडून ऐकायचं काही शिल्लक राहणार नाही, असं वाटलं. आधी तिचे ठिपके एकदा बघू म्हणून मागे आलो. एक्केचाळीसावं पान उघडलं.

ठिपके होते.

त्यांच्या खाली एक आकडी होती, आणि तिला टेकलेली तिरपी रेघ: काम संपल्याची माझी खूण. जाड, सुताराच्या चपट्या पेन्सिलीची.

मी कानावर हात नेला. माझी पेन्सिल जागेवर होती; पुस्तकाला मी ती लावलीच नव्हती.

त्याला आता तीन दिवस झाले. पुस्तक बाकड्यावरच आहे. शनिवारी ते परत करायचं आहे. एकशे एकोणिसावं पान उलटायचं अजून राहिलं आहे.