टाकीतला उपाशी जावई

"जरा थांबता? तुमचा बूट हवाय."

आमच्या औषध कंपनीच्या जिन्यात समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला मी म्हटलेलं हे पहिलं वाक्य. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. दोन दिवस पडून गेलेल्या पावसाने रस्त्यांचा राडा केला होता आणि त्याच्या टाचांना काळीभोर, मऊसूत माती चिकटली होती. अशी माती दिसली की मला राहवत नाही.

"बूट?... दोन्ही?"

"एक पुरे. माती काढून घेते, बूट परत."

"इथे नवीन माणसाचं स्वागत असंच करतात का?"

"छे! स्वच्छ बुटांनी येणाऱ्यांकडे तर मी बघतही नाही."

तो हसला, पायरीवर बसला आणि निमूटपणे उजवा बूट काढून माझ्या हातात दिला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते मला दिसलंय हे त्याला कळलं, आणि त्याचे कान लाल झाले. त्या लाल कानांनीच माझा घात केला, हे आज कबूल करते. तेव्हा मात्र मी चमच्याने माती खरवडून बाटलीत भरली आणि धड आभारही न मानता वर पळाले.

माझं कामच तसं आहे. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू राहतात. त्यांतले काही आपली जागा राखायला भोवती कसलंसं रसायन सोडतात, आणि नशीब असलं तर त्या रसायनातून माणसाचं औषध होतं. मी तीन वर्षं माती मागत फिरत होते. चारशे सोळा नमुने तपासून हाती भोपळा आला होता. त्या बुटाची माती चारशे सतरावी.

आठवड्याभराने तिच्यातून एक पांढुरका, पिठूळ ठिपका उगवला. दवाखान्यातला एक रोगजंतू आहे, कुठल्याच औषधाला जुमानत नाही. तो मी काचेच्या प्लेटवर पसरला आणि मध्ये हा ठिपका ठेवला. सकाळी बघते तर ठिपक्याभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ! रोगजंतू जवळ फिरकलाच नव्हता. मी त्या प्लेटशी बोलले, गाणं म्हटलं, तिला ऊब कमी पडते का म्हणून चारदा हात लावून पाहिला.

आमच्याकडे काचेची भांडी धुणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून हे बघत होत्या. "एवढे लाड? जावई आहे का तुझा?" म्हणाल्या. झालं, त्या जीवाणूचं नाव जावई पडलं.

माझ्या फ्लास्कमध्ये जावई पेलाभर द्रवात वाढायचा. औषधाच्या पुढच्या चाचण्यांना मात्र बादल्या भरून द्रव लागतो, आणि तो तयार होतो खालच्या मजल्यावर, माणसाहून उंच पोलादी टाक्यांत. तिथला नवा माणूस जावयाला न्यायला वर आला. पाहते तर... बूटवाला! त्याने फ्लास्कवरची चिठ्ठी वाचली: ‘४१७, जावई, जिन्यातला बूट’.

"म्हणजे हा माझ्या बुटातला?"

"बुटाखालचा."

"तरी माझ्याकडचाच की. मुलगा माझ्याकडचा, जावई तुमच्याकडचा, मग आपण दोघं एकमेकांचे —"

"फार नाती जोडू नका. आधी त्याला नीट वाढवा."

"वाढवतो हो! माझ्या हाताखाली कुणी उपाशी राहत नाही."

त्या वाक्याकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

मग तो रोज एक वाजता वर यायला लागला. एका हातात टाकीचे आकडे, दुसऱ्या हातात डबा. मी जेवायचं विसरते हे त्याने दुसऱ्याच दिवशी हेरलं होतं. आकडे मी वाचायचे आणि तो माझ्यासमोर डब्याचं झाकण सरकवायचा. "आज काय वाढलाय जावई! खिरीसारखा दाट झालाय," हे तो इतक्या कौतुकाने सांगायचा की मला हसू यायचं. आणि तो गेल्यावर दुपार लांबलचक वाटायची.

पण पहिल्या टाकीतला द्रव तपासला, तर त्यात औषधाचा टिपूस नव्हता. दुसऱ्या टाकीचंही तेच. त्या द्रवात बुडवलेल्या कागदाच्या चकतीला खेटून रोगजंतू मजेत वाढले होते. आमच्या मॅडमनी चष्मा काढून सांगितलं, "तिसरी टाकी शेवटची. तीही रिकामी गेली तर जावई कायमचा फ्रीझरमध्ये, आणि तू गोळ्यांचा टणकपणा मोजणाऱ्या विभागात."

तीन वर्षं माती उकरल्यावर गोळ्या दाबत बसायचं! माझं डोकं फिरलं. मी तडक खाली गेले.

"तुम्ही घुसळता फार! चेंदामेंदा झाला असेल त्याचा."

"तुमच्या सूचनांच्या कागदावर लिहिलंय तेच केलंय. ओळन् ओळ."

"माझ्या फ्लास्कमध्ये औषध निघतं!"

"मग फ्लास्कमध्येच ठेवायचा होता," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून टाकीचा काटा बघू लागला.

तीन दिवस तो वर आला नाही. मला काही फरक पडत नव्हता. फक्त एक वाजला की माझी नजर दाराकडे जायची. "घड्याळ बघतेस की दार?" मावशींनी विचारलं. मी वहीत डोकं खुपसलं.

चौथ्या दिवशी तो आला. डबा टेबलावर आपटलाच त्याने. "भांडण चालू ठेवू. पण खाऊन घ्या आधी."

"नको! पोट भरलं की मला सुस्ती येते. उपाशी असले की डोकं चालतं माझं —"

मी थांबले.

"तुम्ही जावयाला शेवटची साखर कधी दिलीत?" मी हळूच विचारलं.

"टाकीतला द्रव काढायच्या आधी. दर चार तासांनी देतच होतो. पंपाने."

"शनिवारी? रविवारी?"

"टाकीला कसली सुटी?"

मी वही ओढली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं... शुक्रवार, साखर दिली. सोमवार, द्रव गाळला. मधले दोन दिवस वहीत नव्हतेच, कारण मधले दोन दिवस मी घरी केस धूत आणि झोपा काढत होते! आणि इकडे फ्लास्कमधला जावई दोन दिवस उपाशी. खायला मिळतंय तोवर हे जीवाणू नुसते फुगतात. अन्न संपलं, की आहे ती जागा राखायला रसायन बनवतात. ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"चूक माझी होती," मी म्हणाले. हे वाक्य मला फारसं जमत नाही. "मी उगाच तुम्हाला बोलले."

त्याला आता माझी चांगली जिरवता आली असती. तो खुर्ची ओढून बसला. "म्हणजे तुम्ही सुटीच्या दिवशी काहीच केलं नाहीत, तेच खरं काम?" म्हणाला, आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

तिसरी टाकी सुरू करायच्या आधी मॅडमनी दोघांना बोलावलं. "दोन टाक्या वाया का गेल्या?"

"मी जास्त खायला घातलं," तो म्हणाला.

"नाही मॅडम. माझ्या कागदावर दोन दिवस लिहायचे राहिले."

मॅडमनी आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. "गेल्या आठवड्यात एकमेकांवर ढकलत होतात. आता ओढून घेताय. मध्ये काय झालं?"

मी घाईने वही पुढे केली, त्याने टाकीचे आकडे.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने साखरेचा पंप बंद केला आणि टाकीवर तळहात ठेवून उभा राहिला. "उपाशी ठेवायचं म्हणजे जिवावर येतं हो."

"चला इथून. नाहीतर चोरून खायला घालाल."

"मग दोन दिवस माझ्यावर नजर ठेवा."

ठेवली. शनिवारभर आम्ही शहरभर पायी हिंडलो. भुरभुर पाऊस, एकच छत्री, आणि त्या छत्रीत आमच्या दोघांचे बाहेरचे खांदे भिजलेले. टाकीवर ड्यूटीला असलेल्या माणसाला त्याने पाच वेळा फोन केला. सहाव्यांदा मी फोन काढून घेतला, तेव्हा त्याची बोटं माझ्या हातात राहिली... क्षणभरच. पण त्या क्षणात मला पाऊस, रस्ता, जावई, सगळ्याचा विसर पडला.

रविवारी आईने त्याला जेवायलाच बोलावलं. ती वाढत होती, तो नको नको म्हणत खात होता. "आणि जावई उपाशीच आहे ना गं अजून?" आईने सहज विचारलं, आणि त्याला असा ठसका लागला की बाबांना उठून पाठीवर थापा माराव्या लागल्या.

सोमवारी द्रव गाळला, चकत्या बुडवल्या, प्लेट उबेच्या कपाटात ठेवली. मंगळवारी सकाळी मी त्या कपाटाच्या दाराला हात घातला, तर त्याने माझं मनगट धरलं.

"थांबा. आत काय आहे ते बघायच्या आधी बोलायचंय."

"आत्ता?"

"आत्ताच. वर्तुळ दिसल्यावर बोललो तर आनंदाच्या भरात बोललो असं वाटेल. नाही दिसलं तर... समजूत काढतोय असं वाटेल." त्याने मोठा श्वास घेतला. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. टाकी रिकामी असली तरी. तुम्ही गोळ्या मोजायला गेलात तर मी डबा घेऊन तिकडे येईन."

मी तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते दाराच्या आत, वीतभर अंतरावर होतं. आणि मला दार उघडायची घाईच उरली नव्हती.

"मग माझंही आधीच ऐक," मी म्हणाले. "मला आवडतोस तू. खूप. तू आला नाहीस त्या तीन दिवसांत मला जेवण गेलं नाही, आणि डोकंही चाललं नाही."

"उघडू?" त्याने विचारलं.

"उघड."

चकतीभोवती आरपार दिसेल इतकं स्वच्छ, मोठं वर्तुळ पडलं होतं. मी पट्टी धरली, पण डोळे इतके भरून आले होते की रेघा दिसेनात. त्याने पट्टी घेतली.

"एकतीस मिलिमीटर," तो म्हणाला. "परत मोज."

मी मोजलं नाही. प्लेट अलगद खाली ठेवली आणि त्याला घट्ट मिठी मारली. धुतलेल्या भांड्यांचा ट्रे घेऊन मावशी दारापर्यंत आल्या, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि पायाने हळूच दार ओढून घेत बाहेर कुणाला तरी म्हणाल्या, "आत जाऊ नका आत्ता. महत्त्वाचं काम चाललंय."