थोरल्या मामाचा प्रिंटर

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडा, मला फरक पडत नाही.

रविवार होता. भर दुपार. धाकट्या मामाच्या घरातलं जेवणाचं टेबल.

धाकटा मामा म्हणजे जगातलं सगळं फक्त ह्यालाच कळतं. थोरल्या मामाला जाऊन पंधरवडासुद्धा झाला नव्हता, तोवर यानं त्याच्या खोलीतून प्रिंटर उचलून आणला. भाऊ गेला त्याचं काही नाही, वस्तू मिळाली ना!

थोरला मामा कार्ट्रिज घरीच भरायचा. एक खोड होती त्याला. सिरिंजमध्ये हवा अडकली की तोंड लावून ओढायचा.

सुर्र…

ओठ कायम काळे. धाकटा चारचौघांत त्याला 'शाईपित्या' म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

त्या दुपारी मामाच्या मुलीची, आमच्या ताईची, परीक्षा होती. तीन वाजता. वर्षभर तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं नव्हतं. आणि हॉल तिकीट अजून मोबाइलमध्येच. कागद नसेल तर गेटवरूनच परत.

"बाबा, दुकानातून काढून आणते. दरवेळी मोठे काका द्यायचे काढून…"

"घरात प्रिंटर असताना दुकान? शाई भरायला काय अक्कल लागते? शाईपित्याला जमायचं, मला नाही जमणार?"

ताईनं मोबाइलवरून प्रिंट पाठवून ठेवली.

मामानं पेपर पसरला. आतल्या खोलीतल्या प्रिंटरमधून कार्ट्रिज काढून आणलं, वरचं लेबल सोललं, भोकात सिरिंजची सुई खुपसली. शाई आत गेली.

हातात घेऊन बघितलं.

हलकं…

परत भरलं. परत हलकं.

पेपरवर एक थेंब नाही. बोटं कोरडी.

"मग जातेय कुठे शाई?" मामीनं विचारलं.

"तू तुझी भांडी घास."

शाईची बाटली तळाला गेली. कार्ट्रिज तसंच, रिकाम्या काडेपेटीसारखं.

आणि मग…

सुर्र.

सिरिंज टेबलावर पडली होती. तिला कोणाचा हात लागला नव्हता.

मामीच्या हातातली ताटली तशीच राहिली. "अहो… हा आवाज…"

"नळाचा असेल."

नळ बंद होता.

ताई बूट घालून दारात उभी. डोळे भरलेले. मामा तिच्यावरच खेकसला, "रडतेस काय? आधी नाही सांगता आलं?"

तेवढ्यात आतून आवाज आला. घर्र… घर्र…

ताई पळत आत गेली. बाहेर आली ती कागद घेऊनच. काळं, स्वच्छ, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"आलं, बाबा." आणि गेलीसुद्धा.

मामाची छाती फुगली. "बघितलंस? याला म्हणतात डोकं."

मामी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती.

"अहो," ती हळू म्हणाली, "कार्ट्रिज तर तुमच्या हातात आहे."

मामा खाली बसला.

ताई पेपर देऊन आली. चांगला गेला म्हणाली. तिला कोणी काही सांगितलं नाही.

सल्ल्याशिवाय फुकट काही न देणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी प्रिंटर आमच्याकडे आणून टाकून गेला. "वापरा," एवढंच बोलला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

आता तो आमच्या कपाटावर आहे. वायर गुंडाळलेली. आत कार्ट्रिज नाही.

आज सकाळी त्याच्या शेजारचं आईचं पेन उचललं. कालच नवी रिफिल घातली होती.

कोरडं…