एकच जाड कोट

बालाघाटाच्या डोंगरातल्या धनगरवाडीत घटसर्प शिरला होता आणि त्यावरचं औषध होतं डोंगराखाली, इंग्रजी हद्दीतल्या बार्शीत. ते आणायला तीन सायकली डोंगर उतरून गेल्या होत्या. आता परत चढायचं होतं!

मोठी लढाई नुकतीच संपली होती. निजामाच्या मुलखात त्या पौषात अशी थंडी पडली, की हरभऱ्याचे घाटे झाडावरच करपले. वाडीत पाच पोरं आजारी होती. घसे सुजलेले, श्वास घेताना शिट्टी वाजायची. सरकारी दवाखान्यातला कंपौंडर बब्रुवान तिथं ठाण मांडून बसला होता. सुई टोचणारा होता, सुईत भरायला औषध नव्हतं. त्या पाचांत बिराप्पा धनगराची अयोध्याही होती.

बिराप्पा आपल्या जुन्या सायकलीवर घोंगड्या लादून आठवडी बाजार करायचा, म्हणून सायकलीवर त्याचा पाय पक्का होता. तो धावत आला येरमाळ्याच्या महालिंगप्पा मास्तरांकडं. मास्तर तरुणपणी सोलापूरपर्यंत सायकल मारत जायचे. ते लगेच उठले. आणि तिसरा, मास्तरांच्या बहिणीचा, शिवकांताचा, नवरा कल्याणप्पा, कुणी न बोलावता निघाला. कापडाच्या पेढीचा एकमेव मालक, गावात सगळ्यांत नवी सायकल त्याची. "तुमच्या खटाऱ्यांचं काम न्हाय हे," तो भर पेठेत म्हणाला होता. "औषध माझ्या कॅरिअरवर येणार."

बार्शीच्या डॉक्टरांनी पाच बाटल्या दिल्या. पोरागणिक एक. बाटल्या बोटाएवढ्या, काच पातळ. बिराप्पाच्या बायकोनं, लक्ष्मम्मानं, नवीकोरी घोंगडी कापून तिचे तुकडे बरोबर दिले होते. डॉक्टरांनी एकेक बाटली त्या तुकड्यांत गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवली. डबा कल्याणप्पाच्या कॅरिअरवर बांधला गेला.

पहाटे धर्मशाळेच्या ओसरीवर तिघं कपडे चढवत होते. मास्तरांनी अंगालगत मलमलची बंडी घातली, तिच्यावर फलालीनचा सदरा, त्यावर बिनबाह्यांचं लोकरी जाकीट आणि सगळ्यांत वर वारा अडवणारा पातळ डगला. जुन्या वर्तमानपत्राची एक घडी खिशात ठेवली.

कल्याणप्पा हसला. "अण्णा, कांदा झालाय तुमचा. सोलत बसावं लागंल."

"सोलता यावं म्हणूनच घालतोय, जावईबापू. चढावर काढायचं, उतारावर घालायचं. शिवकांतानं तुमच्यासाठी गाठोडं दिलंय ना? त्यात सदरा आहे, स्वेटर आहे."

"ते घेऊन कुठं मिरवू? हा बघा!" त्यानं आपला कोट थोपटला. लढाई संपल्यावर सोलापुरात विकायला आलेला पलटणीतला लांब ओव्हरकोट होता तो. घोड्याच्या झुलीसारखा जाड, पितळी बटणांचा. आत नुसता एक मलमलचा सदरा. "या एकात हिमालय चढून येईन!" शिवकांताचं गाठोडं त्यानं ओसरीच्या कोनाड्यात सारून दिलं.

सडकेनं गेलं तर करोडगिरीचा जकातनाका लागायचा. सामान उघडून बघण्यात अर्धा दिवस गेला असता. म्हणून त्यांनी रानातली गाडीवाट धरली. अजून उजाडायचं होतं. ज्वारीच्या शेतांवर धुई बसली होती आणि कणसं त्या धुईतून बुडालेल्या माणसांच्या डोक्यांसारखी वर आलेली दिसत होती. थंडी नाकात सुईसारखी शिरत होती. कल्याणप्पा कोटाच्या उबेत मजेत पुढं चालला होता. मागच्या दोघांची बोटं गारठून वाकडी झाल्याचं पाहून त्याला मनातून बरंच वाटलं.

मग रान सुरू झालं आणि अडचणीही. पहिल्याच ओढ्यावर वाट खचलेली. तिघांनी सायकली खांद्यावर घेतल्या आणि घोट्याएवढ्या बर्फगार पाण्यातून पलीकडं गेले. थोडं पुढं बिराप्पाच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. मास्तरांनी पंक्चर काढलं, तोवर आभाळ भरून आलं. दगडांवर तरसाचे ताजे माग होते. बिराप्पानं ते पाहिले आणि सायकल पुढं ढकलली. त्याची नजर सारखी त्या डब्यावर जात होती.

आणि मग घाट!

बोरी, धावडा, सीताफळीच्या झुडपांतून वाट नागासारखी वर चढत होती. मास्तर पायथ्याशी थांबले. डगला काढला, जाकीट काढलं, कॅरिअरला बांधलं. बिराप्पानंही घोंगडी खांद्यावरून उतरवली.

"जावईबापू, बटणं उघडा! कोट काढा! घामानं भिजाल!"

कोट काढला तर आत नुसता मलमलचा सदरा, उघड्यासारखंच. आणि बटणं उघडली तर कोटाचे पल्ले चाकात येत होते. "तुम्ही या मागनं!" तो ओरडला आणि पायडलवर उभा राहिला.

तो चढला. खरंच सगळ्यांच्या आधी चढला! छाती भात्यासारखी हलत होती, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. कोटाच्या आत जणू चुलीवर पाणी तापत होतं. पाठीवरून धारा लागल्या, सदरा अंगाला चिकटला, अस्तर ओलं झालं. पण माथा आला. तो एकटाच माथ्यावर! त्यानं खाली वळून हाक मारली. हाकेला उत्तर आलं ते फार लांबून. बिराप्पाचं चाक पुन्हा बसलं होतं.

माथ्यावर वारा होता.

त्या वाऱ्याला झाड आडवं नव्हतं की टेकाड. सोबत बारीक, तिरपा पाऊस. पाय थांबले तशी आतली ऊब निघून गेली आणि उरला घामानं ओथंबलेला कोट. गार गोणपाट अंगाला गुंडाळल्यासारखा. आधी कल्याणप्पाचे दात वाजायला लागले, मग गुडघे. कोट काढावा तर आत एक ओला चिंधा, ठेवावा तर हाडांपर्यंत ओल. मागच्यांना हाक मारून "मला घालायला काहीतरी द्या" म्हणावं? धर्मशाळेतलं आपलंच ते हसणं आठवलं आणि त्याचे ओठ मिटले.

त्यानं डब्याकडं पाहिलं.

हात कापत होते, तरी झाकण निघालं. आतली घोंगडी कोरडी होती, उबदार होती, तिला मेंढराचा वास होता. एक तुकडा काढला आणि सदऱ्याच्या आत छातीशी कोंबला. काय बरं वाटलं! मग दुसरा. मग सगळे. बाटल्यांभोवती त्यानं वाळलं कुसळीचं गवत कोंबलं, झाकण दाबून बसवलं. उतरून गेलो की परत ठेवतो, त्यानं स्वतःला सांगितलं. कुणाला कळायचंही नाही.

पंक्चर पुन्हा काढून दोघं धापा टाकत वर आले. मास्तर वळून कॅरिअरवरचं जाकीट, डगला चढवत होते, वर्तमानपत्राची घडी छातीवर सरकवत होते. बिराप्पा सरळ डब्यापाशी आला, पण हात लावला नाही. दुसऱ्याच्या वस्तूपाशी उभं राहावं तसा नुसता उभा राहिला.

"डबा नीट हाय न्हवं, मालक?"

"व्हय," कल्याणप्पा म्हणाला. आणि त्याच्या डोळ्याला डोळा न भिडवता उताराला लागला.

पलीकडची उतरण अरुंद होती. डावीकडं कडा, उजवीकडं धुईनं भरलेली दरी. बोटं लाकडासारखी झाली होती, ब्रेकचा दांडा हाताला लागत होता पण आवळला जात नव्हता. सायकल सुटली. दगड उडाले. वळण आलं, निभावलं. दुसरं आलं. आणि झुडपातून काळं काहीतरी मुसंडी मारून बाहेर पडलं. रानडुक्कर! त्यानं दांडा आवळला. बोटं वळली नाहीत! चाक कडेच्या दगडावर आदळलं. आभाळ खाली आलं, जमीन वर गेली. पत्र्याचा खणखणाट दरीत उतरत गेला, लांब, लांब, आणि थांबला.

करवंदीच्या जाळीनं कल्याणप्पाला धरून ठेवलं होतं. त्याला उठावंसं वाटेना. आता थंडीही वाजत नव्हती. झोप येत होती.

फाडकन् गालावर बसली!

"झोपायचं न्हाय!" मास्तर ओरडत होते. त्यांनी त्याला ओढून वाटेवर आणलं, कोटाची बटणं तोडूनच कोट उघडला. आणि त्याच्या छातीतून घोंगडीचे तुकडे खाली पडले. एक, मग दुसरा, मग सगळे.

मास्तरांचे हात थांबले.

बिराप्पा तेवढ्यात दरीतून वर आला. हातात चेपलेला डबा, कोपरं खरचटलेली. डब्यात गवत होतं, काच होती आणि ओल होती. त्यानं डबा खाली ठेवला. तुकड्यांकडं पाहिलं. कल्याणप्पाकडं पाहिलं.

शिवी आली असती तर कल्याणप्पानं ती झेलली असती. काठी आली असती तरी. बिराप्पा खाली बसला, गवत बाजूला केलं आणि शाबूत बाटल्या निवडू लागला. तीन निघाल्या. मग त्यानं हात पुढं केला आणि कल्याणप्पाच्या सदऱ्यात अडकलेला शेवटचा तुकडा हळूच ओढून काढला. तुकडे झटकले आणि एकेक बाटली पुन्हा गुंडाळली, तान्ह्या पोराला गुंडाळावं तशी.

"बिराप्पा, मी..."

"आता बोलू नगा, मालक. आधी जित्ते ऱ्हावा."

मास्तरांनी आपल्या कॅरिअरवरून एक गाठोडं सोडलं. शिवकांताचंच! धर्मशाळेच्या कोनाड्यातून त्यांनी ते मुकाट्यानं उचलून आणलं होतं. ओलं सगळं काढून त्यांनी त्याला पुसलं, कोरडा सदरा घातला, वर स्वेटर, त्यावर वर्तमानपत्र आणि शेवटी आपला डगला. स्वतः जाकिटावर राहिले. बायकोच्या हाताचा तो सदरा अंगावर आला तेव्हा कल्याणप्पाला रडू फुटलं. रडतानाही मान वर करवेना. त्याच्या नव्या सायकलीचं चाक पापडासारखं मुडपलं होतं. ती आणि तो कोट तिथंच टाकून तिघं चालत निघाले.

वाडीत पोचले तेव्हा दुपार कलत होती. लक्ष्मम्मा धावत आली. नवरा परत आला, डबा आला, एवढंच तिनं पाहिलं. बब्रुवाननं डबा उघडला आणि विचारलं, "तीनच?"

"वाटंत पडला," बिराप्पा म्हणाला. तेवढंच.

बब्रुवान पाची पोरांचे घसे पुन्हा बघत फिरला. बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "तिघांचं काय खरं न्हाय, त्यांना आत्ता टोचतो. बिराप्पा, तुझी अयोध्या आणि विठाबाईचा नातू उद्यापातूर तग धरतील. त्याच्या पुढचं मला इचारू नगं."

बिराप्पानं मान डोलावली. लक्ष्मम्मा झोपडीत शिरली, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिथून तो शिट्टीसारखा श्वास बाहेर ऐकू येत होता. येत होता, थांबत होता, येत होता.

कुणीतरी कल्याणप्पाच्या हातात हुलग्याच्या माडग्याचा गरम वाडगा दिला. ते त्याला गिळवेना. पण गिळलं, कारण पायांत बळ हवं होतं. मग तो बिराप्पापुढं जाऊन उभा राहिला.

"तुमची सायकल द्या. मी बार्शीला जातो."

बिराप्पानं त्याच्याकडं पाहिलं. विश्वास ठेवायचा की नाही हे तो ठरवत होता आणि ते त्यानं लपवलंही नाही. शेवटी म्हणाला, "ब्रेक ढिल्ला हाय. पायानं धरावं लागतंय."

मास्तर पोरांना धरायला बब्रुवानपाशी थांबले. घोंगडीचे तुकडे पाठीशी बांधून कल्याणप्पा एकटाच निघाला. चढाला लागताच डगला काढला, स्वेटर काढला. माथ्यावर वाऱ्यानं गाठण्याआधीच, अंग गरम असतानाच, दोन्ही पुन्हा चढवलं. वाटेत तो कोट झुडपावर लोंबत होता. त्यानं तिकडं पाहिलं नाही. दिवस मावळताना बार्शी आली. डॉक्टरांनी होत्या त्या शेवटच्या दोन बाटल्या दिल्या आणि पहिल्या फुटल्या कशा असं विचारलं. त्यानं सांगितलं. डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

कोंबडं आरवायच्या आधी तो पुन्हा घाटाच्या पायथ्याशी होता. कपडे काढणं, बांधणं, घालणं, आवळणं. प्रत्येक वेळी तो पाठीशी बांधलेल्या बाटल्या चाचपून बघत होता. ओढ्यात घसरला तेव्हा पाठ वर ठेवून गुडघ्यांवर पडला. गुडघा फुटला, बाटल्या नाहीत! उतरणीवर सायकल हातात धरून चालला. वाटेनं प्रत्येक वळणावर कान देत होता, जणू तो शिट्टीचा श्वास इतक्या लांबून ऐकू येणार होता.

येत होता! झोपडीच्या दाराशी पोचला तेव्हा अगदी बारीक, पण येत होता. बब्रुवाननं सुई भरली.

संध्याकाळी अयोध्यानं पाण्याचा पहिला घोट गिळला. विठाबाईचा नातूही रडला आणि त्याच्या रडण्यात आवाज होता. वाडीभर बायका हसत-रडत होत्या. विठाबाई कुंकू घेऊन आली आणि दोनदा घाट तुडवणाऱ्या कल्याणप्पाच्या कपाळाला लावायला तिनं हात उचलला. तो मागं सरला. बिराप्पा दाराशी उभा होता, तोंड मिटून. त्यानं कुणालाही काही सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

ते कल्याणप्पाला सोसवेना. तो आत गेला. लक्ष्मम्मा पोरीचे पाय चोळत होती.

"लक्ष्मम्मा, डबा आपोआप न्हाय फुटला. मला थंडी वाजत होती. बाटल्यांभोवतीची घोंगडी मी काढून घेतली. अंगात घातली. आन् बिराप्पानं विचारलं तेव्हा नीट हाय म्हणून सांगितलं."

तिचे हात थांबले. पुन्हा चालू झाले. पोरगी कूस बदलून झोपली तेव्हा तिनं वर पाहिलं.

"पोरगी जगली म्हून सांगताव, मालक. मेली असती तर सांगितलं असतं का?"

बाहेर मेंढरं कोंडायची वेळ झाली होती, कुत्री भुंकत होती. कल्याणप्पानं तोंड उघडलं. "व्हय" म्हणायचं होतं. पण त्याच शब्दानं त्यानं घाटमाथ्यावर या बाईच्या नवऱ्याला फसवलं होतं. तो जिभेवर येईना. आणि खरं काय, ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

त्यानं मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला. लक्ष्मम्मानंही त्याला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. ती पोरीचे पाय चोळत राहिली.