आमच्या समक्ष

एक साक्षीदार कमी पडला, म्हणून मी त्याला बाकावरून उठवलं.

तो आला होता शिक्रापूरच्या गॅरेजच्या भागीदारीचा कागद करायला. सत्यजीत, कवठे येमाईचा. हाताला ग्रीसचा वास. साल नव्व्याण्णव. शिरूरच्या कचेरीसमोर पत्र्याखाली माझं वकिलीचं टेबल, आणि म्हाताऱ्या माणसांची मृत्युपत्रं.

तो मजकूर वाचायला लागला. मी सांगितलं, साक्षीदारानं मजकूर वाचायचा नसतो. करणाऱ्याचा हात बघायचा, मग आपली सही करायची.

"एवढंच?"

"एवढंच."

"बघण्यात मी बरा हाय."

भागीदारीचा कागद कधीच झाला. साक्षीदार मात्र येत राहिला...

मग बयाबाई आल्या, पाटसहून. राहतं घर विधवा सुनेला, चांगुणाला द्यायचं होतं. पुतण्यांचा त्या घरावर डोळा.

*राजीखुशीने व अक्कलहुशारीने—*

अंगठा उमटला. चहावाल्या म्हस्कूमामांनी सही केली. मी पेन सत्यजीतकडे सरकवलं.

पेन तिथंच राहिलं.

"मी न्हाई करत."

माझा हात कागदावर तसाच. चांगुणाचा चेहरा उतरला.

"उद्या कोर्टात शपथेवर विचारलं तर? मी अंगठा बघितलाच न्हाई."

"मग कुठे बघत होता?"

"...तुमच्याकडं."

*आमच्या समक्ष—*

मामांचा ग्लास ओठाशी थांबला. माझ्या कानात नुसता रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज. मग एकदम आधीचे कागद आठवले.

"गेणबा आप्पांच्या मृत्युपत्राच्या वेळी?"

त्यानं मान खाली घातली.

"म्हाळसाबाईंच्या?"

"तवा तर तुम्ही कानामागं पेन खोचला होता."

सगळे कागद पुन्हा! नशीब, दोघंही जिवंत होते. मी म्हटलं, काय बोलताय कळतंय का तुम्हाला, शुद्धीवर आहात ना?

"राजीखुशीनं बोलतोय," तो म्हणाला. "घरी पण सांगितलंय. तुमची जात काढली आबांनी. आता बोलत न्हाईत. तरी सांगितलं."

भर कचेरीत पक्षकारासमोर कुणी असं बोलतं? मी नवा कागद काढला.

"तोंड तिकडे करा. आजींकडे."

आणि मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले, त्याला दिसणार नाही अशी.

अंगठा पुन्हा उमटला. त्यानं पापणीही न लववता बघितला. मामांनी सही केली, मग त्यानं. चांगुणानं डोळे पुसले.

बयाबाईंनी अंगठ्याची शाई केसांना पुसली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"ह्यानं बघितलं बरं का. आन् तू गं, वकीलबाई? तू कुठं बघत हुतीस?"

सत्यजीत वळला.

वकिलानं बघायलाच हवं असं काही नसतं, असं मी सांगणार होते. पण त्याच्या मानेवर, कॉलरच्या वर, ग्रीसची एक बारीक रेघ होती... आणि अंगठा कधी उमटला, ते मला खरंच माहीत नव्हतं.