मरुचुक्याचं उष्टावण

वाळवंटातल्या रमला वसाहतीत माणशी दिवसाला दोन पेले पाणी मिळायचं, आणि तिसऱ्याची कुणाला तहानच लागायची नाही. हे सगळं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आजऱ्याच्या यमुनाबाईंमुळे, आणि त्या ते कुणाला विसरू देतील तर शपथ!

"शास्त्रज्ञ पाण्यासाठी यंत्रं लावून बसले होते हो," त्या सांगत. "मी वाळूत वाकले नि म्हटलं, हा तर आपला चुका! काखेत कळसा नि गावाला वळसा!"

वाळवंटातले मूळचे लोक या भाजीला हुमैद म्हणत. खडकाच्या आडोशाला उगवणारी, जाड पानांची आंबट रानभाजी. यमुनाबाईंनी तिचं नाव ठेवलं मरुचुका. डाळ-शेंगदाणे घालून त्यांनी ती चारशे जणांना खाऊ घातली आणि वर्षभरात पाण्याचा खप निम्म्यावर आला. वसाहतीच्या डॉक्टर झुबेदा नाखवांना कारण सापडलं ते नंतर. त्या पानांतल्या एका द्रव्यामुळे शरीर पाणी बाहेर टाकायचं जवळजवळ थांबवतं. घाम येत नाही, मूत्रपिंडं तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरतात. याला त्यांनी 'जलसंयम' म्हटलं. भाजी सोडली की वर्षभरात माणूस पहिल्यासारखा होई.

आज यमुनाबाईंच्या नातीचं, मैनाचं उष्टावण होतं. वसाहतीत जन्मलेलं पहिलं लेकरू! मामा नव्हता, म्हणून पहिला घास आजीच भरवणार होती. सोन्याची अंगठी मरुचुक्याच्या रसात बुडवून तयार होती, तेवढ्यात डॉक्टरीणबाई धापा टाकत आल्या.

"मावशी, थांबा! मोठ्यांचं शरीर परत फिरतं, तान्ह्या बाळाचं नाही फिरणार. आत्ता घडेल ते जन्माचं. मग ओल्या हवेत अंगात पाणी साचत जाईल, फुप्फुसं भरतील. आजऱ्याचा पाऊस तिच्या जिवावर बेतेल."

"आई, उद्या विमान आहे," लेक रेवती घाबरून म्हणाली. "मी हिला घेऊन घरी जाते."

यमुनाबाईंनी अंगठी रसातून झटकन बाहेर काढली. "जळो ती भाजी! माझ्या नातीनं माझं गाव बघू नये होय?" त्यांनी रस ओतून दिला, अंगठी पुसली आणि खीर चाटवली. मैनानं ती मिटक्या मारत खाल्ली. मग त्यांनी चमच्यानं पाणी पाजायला घेतलं. पोरीनं ओठ घट्ट मिटले. पुन्हा पाजलं, तर तिनं टाहो फोडला. ताटातली हिरवी पानं दिसताच मात्र रडं थांबलं आणि मूठ तिकडे गेली.

डॉक्टरीणबाईंचा आवाज उतरला. "रेवती, गरोदरपणी भाजी किती खायचीस गं?"

रेवतीनं आईकडे पाहिलं.

"आंबटाचे डोहाळे होते तिला," यमुनाबाई म्हणाल्या. "सगळ्यांना एक वाटी, तिला तीन. पोरीचे डोहाळे अपुरे ठेवायचे का?"

"म्हणजे हिला पोटातच जलसंयम जडलाय, मावशी. तोही जन्माचा."

यमुनाबाईंनी मैनाला खांद्यावर घेतलं. डोळ्यांतून धार लागली होती, पण मान ताठ होती. "चारशे जणांना मी शिकवलं. ही शिकूनच आली. या वसाहतीची पहिली माणूस आहे माझी नात!"

त्यांनी ताजी पानं पिळली, अंगठी रसात बुडवली. मैना ती चटाचटा चोखू लागली.

"रेवती," त्या म्हणाल्या, "उद्याचं विमान जाऊ दे."